एनसीव्हीत वेग नॉर्मल, तरी नसा खराब कशा? आणि सुरुवात पायापासूनच का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६१ वर्षांचे. बारा वर्षांपासून मधुमेह, त्यासाठी मेटफॉर्मिनची गोळी चालू. दोनेक वर्षं दोन्ही पायांच्या बोटांना मुंग्या येत होत्या, आता रात्री तळपायांची आग होते. तरीही चालताना पायातली चप्पल निसटली तर त्यांना पत्ता लागत नाही. एनसीव्ही, म्हणजे नसांमधून विजेचा संदेश कसा जातो ती तपासणी केली, निष्कर्षात लिहिलंय ‘लेंग्थ-डिपेंडंट अ‍ॅक्झोनल पॉलिन्यूरोपॅथी’, पण आतले वेगाचे आकडे बहुतेक नॉर्मल. डॉक्टर म्हणाले नसा सुकल्यात. एक काका म्हणतात ब्लॉकेज आहे, मालिश केली की मोकळं होईल. शिवाय २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटते तो आजार) एवढे रुग्ण निघाले, तेव्हापासून घरात त्याचीही धास्ती. तर नक्की काय सुकलंय, पायातच का, आणि परत येईल का?

मी मेंदू व मज्जासंस्थेच्या आजारांची डॉक्टर आहे आणि माझा बराचसा दिवस एनसीव्हीच्या खोलीत जातो. वडिलांना तपासल्याशिवाय मी निदान करणार नाही. पुढचं बरंच काही त्यांच्या बी-१२ वर, किडनीवर, दारू घेतात का यावर आणि साखर किती वर्षं बेताल होती यावर ठरेल. पण तुमचा खरा अडसर निदानाचा नाहीच. पायाच्या बोटाला संवेदना देणारी पेशी कशी असते आणि राहते कुठे, हे कोणी तुम्हाला सांगितलेलं नाही. ते कळलं की रिपोर्ट आपोआप वाचता येतो.

शाळेच्या पुस्तकातली चेतापेशीची आकृती आठवा. एका टोकाला फांद्या फुटलेला गोळा, म्हणजे पेशीकाय आणि वृक्षिका, मग लांब अक्षतंतू, आणि शेवटी पुन्हा बारीक फाटे. ती आकृती स्नायूला हुकूम देणाऱ्या चालक पेशीची असते. तिचा पेशीकाय मज्जारज्जूच्या आत, वृक्षिकांवर इतर हजारो पेशींच्या टोकांचे संपर्क, आणि अक्षतंतू थेट स्नायूपर्यंत. वडिलांच्या पायात जी आधी बिघडली ती संवेदी पेशी, आणि ती अशी दिसतच नाही. तिचा पेशीकाय कमरेच्या खालच्या मणक्यांजवळ, मज्जारज्जूच्या बाहेर, एका छोट्या गाठीत असतो. त्याला वृक्षिका नसतात. एकच दांडा निघतो आणि जरा पुढे जाऊन त्याचे दोन फाटे होतात. एक फाटा खाली, मांडीतून, पोटरीतून, अंगठ्याच्या टोकापर्यंत. दुसरा मज्जारज्जूत शिरतो. स्पर्शाची आणि सांधा कुठे वळलाय याची खबर नेणाऱ्या पेशींमध्ये हा दुसरा फाटा वाटेत न थांबता कवटीच्या तळापर्यंत वर चढतो. म्हणजे अंगठ्यापासून मेंदूच्या पायथ्यापर्यंत एकच पेशी. माणसाच्या शरीरात याहून लांब पेशी नाही.

आता मापं बघा. पेशीकाय मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान. खाली जाणारा फाटा एक मीटरच्या आसपास. अक्षतंतू केसाहून कितीतरी बारीक असला तरी या लांबीमुळे त्याच्यात मावणारा ऐवज पेशीकायाच्या शंभर ते हजार पट भरतो. आणि या सगळ्या पसाऱ्याला लागणारी बहुतेक प्रथिनं त्या कमरेजवळच्या टिकलीएवढ्याही नसलेल्या पेशीकायात बनतात, कारण पेशीचं केंद्रक तिथे आहे. तिथून माल टोकापर्यंत वाहून न्यावा लागतो. अक्षतंतूच्या आत सूक्ष्मनलिकांचे रूळ असतात. कायनेसिन नावाची प्रथिनं माल खाली नेतात, डायनिन टोकाकडचा जुना माल आणि निरोप वर आणतात. जलद वाहतूक दिवसाला ४०० मिलिमीटरपर्यंत जाते, म्हणजे कमरेतून अंगठ्याला अडीच-तीन दिवस. पण अक्षतंतूचा सांगाडा ज्या प्रथिनांचा बनतो ती मंद वाहतुकीने जातात, दिवसाला मिलिमीटर-दोन मिलिमीटर. आज कमरेत तयार झालेला असा एखादा रेणू अंगठ्यापर्यंत पोचायला दीड ते तीन वर्षं लागू शकतात.

कालव्याच्या टोकाला ज्यांची शेती आहे त्यांना पुढचं समजावून सांगावं लागणार नाही. धरणातून आवर्तन थोडं कमी सुटलं, मधे चार ठिकाणी गळती झाली, तर मुखाजवळच्यांना फरकही जाणवत नाही. टोकाच्याचं रान मात्र आधी करपतं. मधुमेहात नेमकं हेच होतं. चेतापेशीत साखर शिरायला इन्सुलिनची वाट बघावी लागत नाही, त्यामुळे रक्तात वाढली की तिच्या आतही वाढते. तिथे ती आडवाटेच्या रासायनिक क्रियांत जाते, ऊर्जा बनवणारी तंतुकणिका बिघडते, आणि नसेला रक्त पुरवणाऱ्या केशवाहिन्याही जाड आणि अरुंद होतात. हे सगळ्या शरीरभर सारखंच चालू असतं. पण जिचा अक्षतंतू सर्वांत लांब तिला तोटा आधी जाणवतो, आणि तोही तिच्या शेवटच्या टोकाला. रिपोर्टमधल्या त्या ‘लेंग्थ-डिपेंडंट’चा अर्थ एवढाच.

यातून एक नियम निघतो आणि तो मला रोज उपयोगी पडतो. अशा आजारात त्रास दोन्ही पायांत जवळपास सारखा असतो, मोज्यासारखा वर सरकतो, आणि गुडघ्याच्या आसपास पोचला की मग हाताच्या बोटांची पाळी येते, कारण मानेपासून बोटांच्या टोकापर्यंतची लांबी साधारण तेवढीच भरते. हा क्रम मोडला की मी सावध होते. पाय ठणठणीत आणि फक्त अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर असेल, तर मनगटात नस दबलेली असण्याची शक्यता जास्त. एकाच पायात कमरेपासून कळ जात असेल तर मणका बघावा लागतो. अंगावर कुठे बधिर चट्टा असेल, कोपराजवळची किंवा गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूची नस हाताला जाड लागत असेल, तर कुष्ठरोग मनात आणावाच लागतो, मधुमेह असला तरी. कुष्ठरोगाचे जंतू लांबी बघत नाहीत. त्यांना शरीराचे थंड भाग मानवतात आणि ते नसेतल्या तंतूंना वेढणाऱ्या ‘श्वान’ (Schwann) नावाच्या पेशींमध्ये घर करतात. हा आजार आपल्याकडे संपलेला नाही, आणि सरकारी दवाखान्यात त्याचं औषध फुकट मिळतं. लाजेपायी उशीर करणारे अजूनही भेटतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

जीबीएसचं म्हणाल तर त्याची चाल वेगळी. तो दिवसांत चढतो, फार तर चार आठवड्यांत शिखर गाठतो, आणि त्यात बधिरपणापेक्षा ताकद जाणं ठळक असतं. दोन वर्षं मुंगीच्या पावलाने चाललेल्या त्रासाला जीबीएस म्हणत नाहीत. ती धास्ती सोडा.

आता वेगाकडे. चेतापेशीच्या आत बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण विद्युतदाब असतो. पटलावरचा पंप सतत तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो, त्यामुळे सोडियम बाहेर दाटलेलं आणि पोटॅशियम आत, असा फरक टिकून राहतो. पुरेसं उद्दीपन मिळालं की सोडियमचे दरवाजे उघडतात, सोडियम आत घुसतं, आणि एखाद्या मिलिसेकंदापुरता दाब उलटा होतो. मग पोटॅशियम बाहेर पडून गाडी पूर्वपदावर. शेजारचा भाग पेटतो, मग त्याच्या शेजारचा. हा आवेग एक तर पूर्ण येतो किंवा येतच नाही; अर्धा आवेग नसतो. हॉजकिन आणि हक्सली या शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये हे गणितासकट मांडलं ते स्क्विड या समुद्री प्राण्याच्या महाकाय अक्षतंतूवर काम करून. तो एवढा जाड असतो की त्याच्या आत तार सरकवता येते.

माणसाला एवढा जाड तंतू परवडत नाही, म्हणून आपल्याकडे मायलिन आहे. श्वान पेशी अक्षतंतूभोवती चरबीयुक्त पटलाचे वेढे घालते आणि मधे साधारण मिलिमीटर-मिलिमीटरवर उघडी फट सोडते, तिला रॅनव्हियरची गाठ म्हणतात. सोडियमचे दरवाजे या गाठींपाशी दाटीने असतात. आवेग गाठीवरून गाठीवर उडी मारत जातो, सेकंदाला ५० मीटर सहज. ज्या बारीक तंतूंना मायलिन नसतं, म्हणजे आग आणि ठणक सांगणारे, त्यांचा वेग सेकंदाला मीटर-दोन मीटरच. अंधारात पायाची करंगळी उंबरठ्याला आपटते तेव्हा आपटल्याचं तत्काळ कळतं, आणि साधारण सेकंदभराने ती खरी कळ येते की माणूस खालीच बसतो. मधला तो क्षण म्हणजे तुमच्याच दोन जातींच्या तंतूंच्या वेगातला फरक.

एनसीव्हीत मी काय करते ते सांगते, मग आकडे बोलू लागतील. घोट्याच्या मागे, बाहेरच्या बाजूला विजेचा संदेश टिपणारे दोन बिल्ले चिकटवते आणि तिथून साधारण १४ सेंटिमीटर वर पोटरीवर छोटा शॉक देते. खालची नस सूरल, निव्वळ संवेदी. पडद्यावर एक बारीक टेकाड उमटतं. शॉकपासून टेकाड सुरू व्हायला किती वेळ लागला त्यावरून वेग, आणि टेकाड किती उंच त्यावरून साधारण किती तंतू जिवंत आहेत याचा अंदाज. टेकाडाची उंची मायक्रोव्होल्टमध्ये असते, निरोगी माणसात सहा-आठच्या वर, आणि वयाप्रमाणे थोडी उतरते. पाय गार असेल तर वेग उगाचच कमी दिसतो, दर अंशामागे सेकंदाला दीड-दोन मीटरनं. म्हणून एसीच्या खोलीत बर्फासारखे पाय घेऊन आलेल्या माणसाचे पाय आधी गरम पाण्याच्या टॉवेलने शेकून घेतो. ते न करता काढलेला रिपोर्ट मी फारसा मनावर घेत नाही.

आता तुमचं कोडं. नसेत हजारो तंतू एकत्र बांधलेले असतात. त्यातले निम्मे टोकाकडून झडले, तर उरलेल्या निम्म्यांचं मायलिन शाबूत आहे, ते पूर्वीच्याच वेगाने धावतात. यंत्र वेग मोजतं तो सर्वांत आधी पोचणाऱ्यांचा. त्यामुळे वेग नॉर्मल आणि टेकाड मात्र बसकं. याला अ‍ॅक्झोनल म्हणतात. उलट मायलिन उखडलं तर तंतू जागेवर असूनही निरोप रखडतो, तिथे वेग पडतो. म्हणजे तुमच्या रिपोर्टमध्ये विसंगती नाही. वेगाचा रकाना सोडा आणि शेजारचा अ‍ॅम्प्लिट्यूडचा रकाना, म्हणजे टेकाडाच्या उंचीचा, बघा. मला वाटतं उत्तर तिथे आहे. चालक नसांची उंची मिलिव्होल्टमध्ये, म्हणजे हजार पटीनं मोठी दिसेल, त्याने गोंधळू नका. तिथे बिल्ला स्नायूवर असतो. चालक तंतूच्या टोकातून असेटिलकोलिन नावाचं निरोपाचं रसायन सुटतं आणि एकेक तंतू आपल्या ताब्यातले कित्येक स्नायुतंतू एकदम पेटवतो, त्यामुळे आवाज मोठा येतो.

डॉक्टर ‘सुकल्यात’ म्हणाले ते याच अर्थाने. पेशी मेली असं त्यांना म्हणायचं नसावं. बहुतेक वेळा कमरेजवळचा पेशीकाय जिवंत असतो, फक्त त्याचं दूरचं टोक गळून मागे सरकलेलं असतं. आणि काकांना सांगा, अक्षतंतू ही पोकळ नळी नव्हे, त्यात काही तुंबत नाही आणि मालिशने मोकळं होत नाही. बाबांना बरं वाटत असेल तर कोमट तेल हलक्या हाताने जरूर चोळा. जोरात दाबणं, तुडवून घेणं नको.

बधिरही आणि आगही, हे दोन्ही एकदम कसं? जाड तंतू गळाले म्हणून स्पर्श गेला, चप्पल निसटल्याचं कळत नाही. बारीक तंतूंची तुटकी टोकं मात्र गप्प बसत नाहीत. तिथे सोडियमचे दरवाजे नको तिथे साचतात आणि कोणी स्पर्शही न करता आवेग सुटू लागतात. मेंदूला तो आवेग कुठे जन्मला ते दिसत नाही. ही पेशी अंगठ्याची, एवढंच त्याला ठाऊक. म्हणून तो अंगठा जळतोय असं समजतो. रात्री इतर गडबड नसते, मग हीच खबर मोठी होते. आणखी एक, एनसीव्हीला फक्त जाड, मायलिनवाले तंतू दिसतात. त्यामुळे नुसती आग होणाऱ्या कित्येकांचा रिपोर्ट पूर्ण नॉर्मल येतो आणि घरचे म्हणतात, ‘काही नाही, मनाचे खेळ आहेत.’ तसं नसतं.

परत येईल का? मेंदू आणि मज्जारज्जूतले तुटलेले अक्षतंतू जवळजवळ पुन्हा वाढत नाहीत. हातापायांच्या नसांमध्ये मात्र पेशीकाय जिवंत असेल तर खोडाला नवा अंकुर फुटतो आणि उत्तम परिस्थितीत दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतो. उत्तम परिस्थिती म्हणजे निरोगी तरुण माणसाची जखम झालेली नस. बारा वर्षांच्या मधुमेहात हा वेग मंदावतो, आणि ज्या कारणाने टोक गळालं ते कारण चालूच असेल तर फुटलेला अंकुरही गळतो. त्यामुळे मी माझ्या रुग्णांना सांगते: पहिलं ध्येय, आहे ते आणखी वर सरकू न देणं. थोडं परत आलं तर ते बोनस, आणि त्याचा हिशेब महिन्यांत करायचा. टाइप १ मधुमेहात साखर आटोक्यात ठेवल्याने नसा वाचतात याचा पुरावा भक्कम आहे. टाइप २ मध्ये फायदा आहे पण तेवढा नाही. वजन, चालणं, रक्तदाब, रक्तातली चरबी हेही बघावं लागतं. साखर फार वर असेल तर ती घाईने, काही आठवड्यांत, खाली ओढू नका. एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) एकदम उतरली की काहींची आग उलट भडकते. ती बहुतेकदा पुढे शमते, पण तोवर माणूस औषधांवर चिडून ती सोडून देतो.

तुमच्या प्रश्नात एक शब्द मला सर्वांत महत्त्वाचा वाटला, मेटफॉर्मिन. वर्षानुवर्षं घेतल्यास काही जणांचं बी-१२ उतरतं, आणि घरचं जेवण शाकाहारी असेल तर आधीच साठा बेताचा. बी-१२ कमी असेल तर पायांच्या नसांबरोबरच त्या पेशीचा दुसरा फाटा, मज्जारज्जूतून वर चढणारा, तोही खराब होतो. याची घरगुती खूण अशी: बाबा बेसिनपाशी तोंडाला साबण लावून डोळे मिटतात तेव्हा तोल जातो का? रात्री दिवे गेले की चालताना लडबडतात का? हो असेल तर बी-१२ ची तपासणी याच आठवड्यात करा, आणि इंजेक्शन सुरू करण्याआधी रक्त द्या. हे कारण वेळेत सापडलं तर बऱ्यापैकी उलटतं, म्हणून ते निसटू देऊ नये. पण ‘नसांची ताकद’ म्हणून मेडिकलमधून स्वतःच गोळ्या आणून वर्षभर घेऊ नका. त्यातल्या अनेकांत बी-६ असतं, आणि ते जादा मात्रेत दीर्घकाळ गेलं तर त्याच कमरेजवळच्या गाठीतल्या पेशी बिघडवतं. तिथे रक्त आणि चेतापेशी यांच्यातला अडथळा विरळ असतो, म्हणून रक्तातलं बरंवाईट त्यांना आधी पोचतं.

आगीसाठी प्रीगाबालिन, ड्युलोक्सेटीन, अ‍ॅमिट्रिप्टिलीन ही औषधं वापरतात. ती नस दुरुस्त करत नाहीत. प्रीगाबालिन चेतापेशीच्या टोकातून निरोपाचं रसायन सुटणं कमी करतं, बाकीची दोन मज्जारज्जूतलं वेदना दाबणारं नियंत्रण वाढवतात. झोप लागण्यासाठी ती घ्यायला हरकत नाही, पण कोणतं आणि किती हे किडनी, हृदय, प्रोस्टेट बघून डॉक्टरांनी ठरवावं. साठीच्या माणसाला पहिल्याच रात्री मोठा डोस दिला की पहाटे बाथरूमला जाताना पडण्याची भीती असते.

एवढं सगळं झाल्यावर, खरं नुकसान होतं ते पेशीमुळे नाही, जखमेमुळे. चप्पल निसटल्याचं ज्याला कळत नाही त्याला खिळा टोचल्याचंही कळत नाही. गरम पाण्याची पिशवी पायाला लावून झोपलेली माणसं मी तळपायभर फोडांसकट पाहिली आहेत. घरात आणि अंगणात अनवाणी नको. देवळात जावंच लागतं, तर उन्हाळ्यात दुपारी तापलेल्या फरशीवर नको, सकाळी जा, मोजे घाला. मऊ, सच्छिद्र रबराच्या तळाची चप्पल (दुकानात ‘एमसीआर’ म्हणून मिळते), मागे पट्टा असलेली, घ्या. नवीन पादत्राण संध्याकाळी खरेदी करा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो आणि माप खरं मिळतं. रोज रात्री कोणीतरी तळपाय आणि बोटांच्या बेचक्या बघायच्या, हे काम बाबांवर सोडू नका. भोवरी ब्लेडने कापायची नाही, कॉर्न कॅप, म्हणजे भोवरीवर चिकटवायची औषधी पट्टी, लावायची नाही. त्यातलं आम्ल निरोगी कातडीही खातं.

डॉक्टरांकडे ठरल्या वेळेआधी जायची कारणं मोजकी आहेत: दिवसागणिक ताकद कमी होणं, एकच पाऊल लोंबू लागणं, लघवीवरचा ताबा सुटणं, पायावर लाल गरम सूज किंवा न भरणारी जखम. यातलं काही नसेल तर घाई नाही. बी-१२, थायरॉइड, किडनीसाठी क्रिएटिनिन आणि एचबीएवनसी करून घ्या, आणि रिपोर्टच्या आतल्या पानावरचा सूरल नसेचा अ‍ॅम्प्लिट्यूड इथे लिहा, दोन्ही पायांचा वेगवेगळा. बाबांचं नाव, फाइल नंबर झाकून.